हजेरीपटावरचे नाव

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत करमाड लागते. 1972 साली हा सारा टापू, जालन्यासह, औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होता. आणि त्या सालच्या दुष्काळाने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत औरंगाबादची गणना होत होती.

बाईने कष्ट करू नयेत, असे मराठवाड्याच्या खेड्यात कधी कोणी म्हटले नाही. पहाटेच्या दळणापासून खुरपणी-वेचणीपर्यंत तिचे हात चालूच असत. भूमिहीन आणि दलित स्त्रिया तर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबत आल्या होत्या. त्यांच्या प्रतिष्ठेची काळजी गावाने कधी वाहिली नव्हती. हरकत होती ती जमीनदार घरातील सुनेने रोजाने जाण्याला. घरच्या शेतातले तिचे श्रम 'हातभार' ठरत. त्याच श्रमाला मोल मिळाले की घराण्याला कमीपणा येई.

दुष्काळाने हा भेद काही काळ पुसला. बागायतदारांच्या बायकाही डोईवरचा पदर सावरीत खडी फोडायला बसल्या, पाझर तलावावर माती वाहू लागल्या. मे 1973 मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांवर गेली होती. सुकडी आणि मिलो यांच्या आठवणी आजही निघतात. मात्र त्या आठवणींत 'वेळच तशी आली होती' हे वाक्य हटकून येते, आणि ते नीट ऐकले पाहिजे. समाजाने नियम मोडला नव्हता, तहकूब केला होता. शिवाय काम टोळीने होई आणि टोळीची मजुरी पुष्कळदा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती पडे. बाई कामावर दिसत होती, पैशापाशी नव्हती.

पाऊस परतल्यावर बऱ्याच घरांचे उंबरठे पुन्हा उंच झाले. तरीही एक गोष्ट मागे उरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याचे रूप मिळाले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरली. स्त्री-पुरुष असा वेगळा दर तिथे नव्हता. काम मागणे हा हक्क झाला आणि तो बाईलाही मिळाला. परित्यक्ता, विधवा, भूमिहीन अशा स्त्रियांना त्याचा अर्थ लवकर कळला, कारण त्यांच्यासाठी दुष्काळ कधी संपतच नव्हता.

आज करमाडच्या शेजारी शेंद्र्याचे कारखाने उभे आहेत. बाईच्या नोकरीविषयी आपण उदार झालो आहोत, असे आपणच आपल्याला सांगत असतो. तसे सांगताना 1972 कडे एकदा पाहावे, आणि तिचा पगार कोणाच्या हाती पडतो एवढे विचारावे.