तळटीप १७ : खाजणातले गवत

१७. वरील परिच्छेदावरून एकेक रोप खाऱ्या मातीला सरावते असे वाटेल, पण खरा बदल पिढ्यांगणिक त्या गवताच्या सगळ्या वस्तीत घडतो. ब्रिटनमधील अ‍ॅग्रोस्टिस स्टोलोनिफेरा हे सरपटणारे गवत भरतीने भिजणाऱ्या खाजणातही वाढते आणि आतल्या गोड्या कुरणातही. दोन्हीकडची रोपे एकाच खारट द्रावणात वाढवली, तर खाजणातली तगतात, कुरणातली खुरटतात. म्हणजे फरक आनुवंशिक आहे. तो येतो कुठून? अश्रफ, मॅकनिली आणि ब्रॅडशॉ यांनी १९८६ मध्ये गवताच्या सात जाती मिठाच्या द्रावणात पारखल्या. साध्या बियाण्यातूनही मोजकी रोपे वाचली, आणि अशा निवडक रोपांचे वंशज खाऱ्या वाळूत इतरांपेक्षा सरस वाढले. मला हे फार मोलाचे वाटते : मीठ नवा गुण घडवत नाही, आधीच विखुरलेला गुण वेचून काढते. खाजणात ही वेचणी दर पिढीत होते. शेजारच्या कुरणातून परागकण येत राहतात, तरीही निवड कडक असल्याने फरक टिकतो. मुळांतून वर चढणारे सोडियम अडवणे हा सहनशीलतेचा एक प्रमुख मार्ग आहे. त्यासाठीचे एक जनुक आइनकॉर्न या प्राचीन गव्हातून संकराने बन्सी गव्हात आणले गेले आहे.