घोडा कोणाचा?

निवृत्त सैनिकाला मिळणाऱ्या सवलती त्याच्या घरातल्या किती माणसांपर्यंत पोहोचाव्यात, या प्रश्नाचे आजचे सरकारी उत्तर चार ओळींत मावते. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड पत्नीला मिळते. मुलाला ते पंचविशीपर्यंत मिळते, पण त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झाले तर तिथेच थांबते. मुलीला नोकरी किंवा लग्न होईपर्यंत. आईवडिलांना मिळते, पण त्यांचे उत्पन्न महिना ९००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत हवे. फॅमिली पेन्शनचे वर्तुळही साधारण असेच आहे. वारलेल्या भावाची बायको आणि तिची मुले एकाच चुलीवर जेवत असली, तरी त्यांना या कागदांत जागा नाही. कामठीसारख्या छावणीच्या गावात किंवा नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे नियम समजावून सांगितले की त्यावर एक ठराविक प्रतिक्रिया उमटते. आपल्याकडे सैनिक घराचा असायचा, इंग्रजांच्या कायद्याने तो एकट्याचा केला, अशी ती प्रतिक्रिया. तिच्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. माझ्या मते सैनिकाच्या कमाईवर हक्क कोणाचा, हे आपल्याकडे नात्याच्या जवळिकीवर कधीच ठरले नाही. त्याला लढाईवर पाठवायचा खर्च कोणी उचलला, यावर ते ठरत आले. थोडक्यात, घोडा कोणाचा होता?

हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनाही पडला होता. एकत्र कुटुंबात वाटणीतून वगळायच्या संपत्तीची यादी करताना त्यांनी विद्याधनाच्या शेजारी शौर्यधन ठेवले. पराक्रमावर खूश होऊन धन्याने दिलेले धन ज्याचे त्याचे, त्यात भावांनी हात घालू नये. पण लगेच अपवादही आला. व्यासांच्या नावावर असलेल्या स्मृतिवचनाप्रमाणे वाहन किंवा शस्त्र घरच्या सामायिक मालकीचे असेल, तर त्याच्या बळावर मिळवलेल्या धनात भाऊही वाटेकरी होतात. मिळवणाऱ्याला दोन वाटे आणि बाकीच्यांना एकेक. इथे रक्ताच्या नात्याला वेगळे वजन दिलेले नाही. हिशेब सरळ भांडवलाचा आहे.

मराठी फौजेतली शिलेदार आणि बारगीर ही जोडी या वचनाशेजारी ठेवून पाहावी. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे आणि पगार घेई. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. स्वतःचा म्हणजे बहुधा घराचा, कारण त्यासाठी शेत गहाण पडलेले असे किंवा भावांनी दाणावैरण पुरवलेली असे. अठराव्या शतकात शिवकाळातली पागेची शिस्त सैल झाली आणि शिलेदारी वाढत गेली. नागपूरकर भोसल्यांचा उत्कर्ष याच काळातला. सेनासाहेब सुभा रघूजी भोसल्यांच्या घोडदळाने बंगालपर्यंत धडक मारली आणि १७५१ मध्ये तिथल्या चौथाईचे बारा लाख ठरवून घेतले. या फौजेतल्या शिलेदाराच्या घराला मोहिमेची प्राप्ती आपली वाटत असेल तर ते स्वाभाविकच होते. घोडा पडला तर घर बुडे, म्हणून शिलेदार अंगावर घाव घेण्यापेक्षा घोडा वाचवायला जपतो, अशी तक्रार त्या काळच्या लढायांबद्दल नेहमी होई. मोठ्या सरदारांच्या बाबतीत तर सरंजाम हाच घोडा होता. सरंजाम फौज पोसण्यासाठी दिलेला, तत्त्वतः धन्याच्या मर्जीवर चालणारा, पण भाऊबंदांची पोटगी त्याच्याच उत्पन्नातून निघे. पुढे मुंबई इलाख्यात इंग्रजांनी सरंजामाचे नियम केले तेव्हा वारसा थोरल्याकडे ठेवला, तरी विधवा आणि भावांच्या निर्वाहाचा बोजा त्याच्या डोक्यावरून उतरवला नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. मराठी राज्याने घोड्याचा हिशेब न बघता निव्वळ माणुसकीने सैनिकांची घरे सांभाळली नाहीत का? सांभाळली. अफजलखान प्रसंगानंतर पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या निम्म्या पगाराचे वेतन लावून दिले, जखमींना जखम पाहून होन दिले, असे सभासदाच्या बखरीत आहे. पेशवाईत अशा नेमणुकीला बालपरवेशी हा शब्दच रूढ झाला. पण त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मुलगा, आणि तोही चाकरीसाठी. विधवेचे वेतन मुलगा नसेल तेव्हाच. राज्याला पुढचा स्वार हवा होता. तो ज्या घरातून मिळणार नाही तिथे वेतन द्यायचे. शिवाय हे सगळे जिवंत सैनिकांच्या डोळ्यांसमोर होत असे, आणि मागे राहणाऱ्यांची सोय होते हे कळल्यावर माणूस पुढे सरतो. दया होतीच, पण तीही फौजेच्या गरजेच्या वाटेनेच वाहत होती. आणि त्या दयेचे वर्तुळ तरी कितीसे रुंद होते? बायको आणि मूल. म्हणजे आजच्याहून रुंद नव्हतेच. सरकारने थेट दिलेल्या वेतनात पुतण्याला तेव्हाही जागा नव्हती. त्याला जे मिळे ते घरच्या घोड्यामुळे.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली, आणि नागपुरात घोड्याचा मालक बदलायला सुरुवात झाली. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. तिथे मुख्यतः कंपनीच्या मद्रास फौजेच्या पलटणी असत. ही फौज बायकामुलांसह लाइनीत राहणारी म्हणून प्रसिद्ध होती. शिपायांच्या मुलांना रिक्रूट बॉय म्हणून आणि पोरक्या झालेल्यांना पेन्शन बॉय म्हणून पलटणीच्या पटावर घेऊन थोडा पगार द्यायची तिची रीत होती. नाव इंग्रजी असले तरी कल्पना बालपरवेशीची सख्खी बहीणच म्हणायला हवी, कारण इथेही पुढचा शिपाई मुलातूनच घडवायचा होता. फरक एवढाच की बंदूक, गणवेश आणि दारूगोळा सगळे कंपनीचे. शिपायाच्या घराने त्यात पैसा घातलेला नव्हता, म्हणून भाऊबंदांचा दावाही उरला नाही. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी औरस वारसाविना गेले, दत्तक नाकारला गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. भोसल्यांच्या फौजेतल्या काही लोकांना नव्या नागपूर इर्रेग्युलर फोर्समध्ये घेतले, बाकीच्यांची चाकरी संपली. राजघराण्याचे जडजवाहीर विकून भोसले फंड उभा राहिला आणि राण्यांना नेमणुका लागल्या. जिथे घर हेच राज्य होते, तिथे आता एकेका माणसाच्या नावावर एकेक रक्कम पडू लागली.

१८७१ च्या पेन्शन कायद्याने हा व्यक्तिगतपणा पक्का केला. सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, आणि हाती न आलेले पेन्शन आधीच कोणाच्या नावे करून दिले तर तो करार रद्दबातल ठरतो. याचा अर्थ असा की सैनिकाला मिळालेला पैसा पुतण्याच्या शाळेवर खर्च करायला कोणतीही आडकाठी नाही, पण पुतण्याला पेन्शनचा हक्कदार करता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या कैवाऱ्यांना हा कायदा निष्ठुर वाटतो. मला तो विधवेच्या बाजूने पाहावासा वाटतो. घरच्या घोड्याच्या व्यवस्थेत तिचा घास कर्त्या पुरुषाच्या हातून यायचा, आणि कर्ता बहुधा दीर असे. पेन्शन तिच्या नावावर आले तेव्हा त्या घरात प्रथमच एक रक्कम अशी आली की जिच्यासाठी दिराची परवानगी लागत नव्हती.

म्हणून हा बदल स्त्रियांच्या भल्यासाठी केला, असे कोणी म्हणेल तर तेही मान्य करता येत नाही. सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत शिपायांच्या विशेष फॅमिली पेन्शनसाठी पात्र नात्यांत आईवडिलांबरोबर भाऊबहीणही होते. विधवेने पुनर्विवाह केला की तिचे पेन्शन बंद होई, पण तिने दिराशीच लग्न केले आणि बाकीच्या वारसांसोबत राहिली किंवा त्यांना पोसले, तर ते चालू राही. स्वतंत्र भारताच्या नियमात दिराला ही जागा मिळते, याचा अर्थ पैसा त्या घरात राहावा, निदान बाहेर तरी जाऊ नये, एवढीच चिंता सरकारला होती. पुनर्विवाहाबाबतचे नियम पुढे सैल झाले ही चांगली गोष्ट. तरी स्त्रीला मिळालेले स्वातंत्र्य हे धोरण नव्हते. हिशेब सोपा करताना ते हाती लागले.

खरा प्रश्न आईवडिलांच्या बाजूने उरतो, आणि तिथे घोड्याचे तत्त्व पुन्हा डोके वर काढते. मुलाला शिकवून, धाववून, भरतीच्या मैदानापर्यंत कोणी नेले? शिक्षणाबाबत हा वाद न्यायालयात झाला आहे. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने घरच्या पैशावर शिकून सनदी अधिकारी झालेल्याची कमाई एकत्र कुटुंबाची ठरवली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी पाठपुरावा केलेल्या १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने तो दावा मोडून काढला. जयकरांचे बरोबर होते असे मला वाटते, नाही तर प्रत्येक शिकलेला मुलगा जन्मभर भाऊबंदांचा बारगीर राहिला असता. पण त्यामुळे पोसणाऱ्याचे ऋण फिटले असे होत नाही. पण मुलकी आणि लष्करी सर्वसाधारण फॅमिली पेन्शनमध्ये अवलंबून असलेल्या आईवडिलांना स्थान मिळायला १ जानेवारी १९९८ उजाडावा लागला, आणि तेही पत्नी आणि मुले नसतील तरच. असे अरुंद वर्तुळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत २००९ पासून सैनिकाला आपली शिक्षणसवलत बायकोला किंवा मुलांना देता येते, आईवडिलांना किंवा भावंडांना नाही. वर्तुळ आखताना अवलंबित्व हा निकष आईवडिलांना लावता येतो, तर एकाच चुलीवर जेवणाऱ्या विधवा भावजयीला तो का लावू नये, याचे पटणारे उत्तर मला नियमांत सापडत नाही. खर्च वाढेल हे उत्तर खरे आहे, पण ते तिजोरीचे उत्तर आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि या चर्चेतले पेन्शनच निघून गेले. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा अग्निवीर चार वर्षे चाकरी करतो. चारांतला एक जण पुढे कायम होऊ शकतो. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परत येतात. व्याज सोडले तर त्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला, निम्मा सरकारने घातलेला. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएसचे कार्डही नाही. कळमेश्वर किंवा उमरेडच्या एखाद्या घरात ही रक्कम एकदम पोहोचते तेव्हा ती महिन्याला येणारे वेतन नसते. ती मोहिमेवरून आणलेल्या प्राप्तीसारखी असते. बहिणीचे लग्न, थोरल्याचे पीककर्ज आणि स्वतःचे दुकान अशी तिची वाटणी घरातच ठरते, आणि मिळवणाऱ्याला दोन वाटे मिळतील की एक, हे सांगणारी कोणतीही नियमावली त्या घरात नसते.