दत्तकाची जन्मनोंद

बीबी (तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा) परिसरातील एका घराण्याची वंशावळ जुळविताना आम्ही एकाच पुरुषाचे दोन पुरुष केले होते. दत्तकाच्या बाबतीत हा प्रमाद सहज घडतो.

वऱ्हाडात जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल-बुकात होत. तीत पित्याचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढेच बहुधा आढळते. बारसे व्हावयाचे असल्याने अपत्याचे नाव पुष्कळदा नसतेच. त्यात पहिले बाळंतपण माहेरी. तेव्हा दत्तकाची नोंद दत्तक पित्याच्या गावी शोधणे व्यर्थ होय. ती जनक पित्याच्या नावाखाली, मातेच्या माहेरगावच्या बुकातही धुंडाळावी. जनकाचे नाव दत्तकपत्रात मिळते. तेही नसेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात.

दत्तकाने जनकाचे गोत्र व धन घेऊ नये, असा मनूचा दंडक आहे (९.१४२). म्हणून वंशावळीतून जनककुल गळते. विवाहाचा निषेध मात्र त्या कुलाशीही उरतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या १२ व्या कलमातही तो राखलेला आहे. साहजिकच, कागद विसरतात ते सोयरिकी जुळविणाऱ्या वृद्ध स्त्रिया विसरत नाहीत. आमचे दप्तर बांधून झाले असता त्या घरच्या आजीबाईंनीच विचारले, "अहो गुरुजी, त्याच्या जन्मदात्या घरी आपली मुलगी देता येत नाही, ते का म्हणून?" आम्ही दप्तर पुन्हा सोडले.

पुढे मातेच्या माहेरगावी नोंद सापडली. नाव नव्हते, 'मुलगा' एवढेच होते.