आधी गाणे, मग चित्र : व्हिडिओ गाण्याची कुळकथा

व्हिडिओ गाण्याचे मूळ चित्रपटगीतात शोधावे, असा प्रघात आहे; परंतु शब्द आणि दृश्य यांचे परस्परनाते हा निकष धरला, तर शोध ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या कुडाच्या भिंतीपाशी सुरू करावा लागतो.

शहापूर तालुक्यातील वारल्यांच्या लग्नात सवासिनी, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रिया, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि लग्न लावणारी धवलेरी त्या वेळी देवांना बोलावणारी गाणी गाते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी यांची दाटी असते. लक्षणीय गोष्ट ही, की गाण्यातली कथा पुढे सरकत राहते, चित्र मात्र एकाच चौकटीत सगळे जग एकदम मांडून स्थिर होते. ते गाण्याची ओळन् ओळ दाखवीत नाही, तर गाण्याला उभे राहायला जागा देते.

याविरुद्ध दुसरा दावा कुडाळजवळच्या पिंगुळीचा आहे. तेथील ठाकर चित्रकथी कागदावरील चित्रांची पोथी उलगडत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गातात, त्यामुळे प्रसंग बदलला की चित्रही बदलते. हा व्यवसाय जुना आहे, कारण बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’तही चित्रकथकाचा उल्लेख येतो. पिंगुळीचे ठाकर आणि मुरबाड-शहापूरचे क-ठाकूर व म-ठाकूर आदिवासी हे एकाच मुळाचे की नावापुरते सारखे, हा वाद अद्याप शमलेला नाही. तरीही लग्नात चौक लिहिणारी ठाण्याची परंपरा आणि पोथी उलगडणारी कोकणची परंपरा या एकाच गायनप्रधान दृष्टीच्या दोन शाखा असाव्यात, हा तर्क सोडवत नाही. कथा सांगणारे व्हिडिओ गाणे पिंगुळीच्या वळणाचे, तर केवळ भाव आणि भोवताल दाखवणारे चौकाच्या वळणाचे, अशी वाटणी करता येते.

या दोहोंना यंत्राशी जोडणारा दुवा मुरबाडकरांच्या वाटेवरच्या कल्याणात सापडतो. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हे जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. त्यांत काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर हालती भासत आणि सोबत निवेदन, संवाद व गाणी असत. ल्युमिए बंधूंचा मुंबईतील पहिला खेळ १८९६ सालचा, म्हणजे पडद्यावरील चित्राला गाण्याची संगत त्याआधीच जडली होती.

बोलपटाने प्रथम ‘आधी गाणे, मग चित्र’ हा क्रम मोडला, कारण १९३१च्या ‘आलम आरा’त नट चित्रीकरण चालू असतानाच गात. १९३५ साली पार्श्वगायन आले आणि गाणे आधी ध्वनिमुद्रित करून त्याबरहुकूम दृश्य घेण्याची रीत पडली. चित्रपटगीताला व्हिडिओ गाण्याचा जनक मानणाऱ्यांनी या टप्प्याकडे दुर्लक्ष केले आहे. आज हळदीचे गाणे स्टुडिओत तयार होते, मग त्याच्या तालावर ओठ हलवीत नवरा-नवरी चित्रित होतात आणि शब्दांत न आलेला मांडव, वाजंत्री, सगळा गोतावळा कॅमेऱ्यात येतो. ही मांडणी पार्श्वगायनातून आली हे खरे, पण पार्श्वगायनाने जो क्रम पुन्हा प्रस्थापित केला, तो मुळात धवलेरीचा होता.