केळीच्या मुळांवरील सूत्रकृमी : ओळख व नियंत्रण

वारा फारसा नसतानाही घड भरलेली केळीची झाडे उन्मळून पडू लागली, की दोष बहुधा खतांच्या कमतरतेला दिला जातो. अनेक बागांत मात्र खरे कारण जमिनीत दडलेले असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींनी मुळे पोखरल्याने झाडाचा आधारच नाहीसा झालेला असतो.

प्रमुख प्रकार : 'रेडोफोलस सिमिलिस' ही मुळे पोखरणारी सूत्रकृमी सर्वांत घातक मानली जाते. शास्त्रज्ञ नेथन कॉब यांनी फिजी बेटांवरील केळीच्या मुळांतून मिळालेल्या या सूत्रकृमीचे वर्णन १८९३ मध्ये केले. भारतात तिची नोंद १९६६ मध्ये केरळात झाली. लांबी एक मिलिमीटरहून कमी असून, उष्ण हवामानात तिचे जीवनचक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. याशिवाय मुळांवर गाठी करणारी 'मेलॉयडोगायनी', तसेच 'प्राटिलेंकस' व 'हेलिकोटिलेंकस' यांचाही उपद्रव होतो.

लक्षणे : झाडाची वाढ खुंटते, निसवण लांबते व घड लहान राहतो. मूळ उभे चिरल्यास आत लालसर तपकिरी ते काळे चट्टे दिसतात. याच जखमांतून बुरशींचा शिरकाव होऊन मुळे कुजतात.

प्रसार : बाधित बागेतील मुनवे हेच प्रसाराचे मुख्य साधन होय. वाहते पाणी, तसेच अवजारांना चिकटलेली माती यांमुळेही कीड पसरते.

नियंत्रण : मुनवे निरोगी बागेतूनच निवडावेत. कंदावरील मुळे व काळसर भाग पांढरा गर दिसेपर्यंत तासून काढावा. त्यानंतर कंद ५५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवावेत. तापमान वाढल्यास कोंब मरतो, कमी झाल्यास सूत्रकृमी जिवंत राहतात. ऊतिसंवर्धित रोपे सूत्रकृमीमुक्त असली, तरी बाधित जमिनीत लावल्यास तीही बळी पडतात. म्हणून पिकांची फेरपालट, झेंडूचे आंतरपीक, ताग गाडणे व निंबोळी पेंडीचा वापर हे उपाय लागवडीच्या नियोजनातच धरावेत.

सूत्रकृमी जमिनीत स्थिरावल्यावर तिचे समूळ उच्चाटन जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे शंका येताच मुळे व मातीचा नमुना कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घेणे आणि निदान होईपर्यंत त्या बागेतील मुनवे इतरांना न देणे हितावह ठरते.