गाव बदललं तरी क्रमांक तोच

घरातला वायफायचा राऊटर जरा उलटा करून बघा. खालच्या लेबलवर 'मॅक' असं लिहिलेलं सापडेल आणि त्यापुढे दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्या: काही आकडे, काही ए ते एफपर्यंतची अक्षरं. हा त्या यंत्राचा नेटवर्कवरचा क्रमांक. तो कारखान्यातच दिला जातो आणि जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राचा तो नसावा, अशी अपेक्षा असते.

माझी आणि या क्रमांकाची ओळख मनस्तापातूनच झाली. मी पोस्टडॉक करते त्या प्रयोगशाळेत एका उपकरणाला नव्वदच्या दशकातला संगणक जोडलेला आहे. एका सोमवारी तो सुरू केला, तर क्रमांकाच्या जागी नुसते एफच एफ. तो क्रमांक बॅटरीवर तग धरणाऱ्या मेमरी चिपमध्ये ठेवलेला होता. बॅटरी संपली आणि यंत्र स्वतःचं नाव विसरलं. सॉफ्टवेअरचा परवाना त्याच ओळखीशी बांधलेला, म्हणजे उपकरणही ठप्प. नशीब, की कुणीतरी तो क्रमांक खोक्याच्या मागे मार्करने लिहून ठेवला होता! तो हाताने भरला, तेव्हा काम सुरू झालं. मग मी शोधत बसले, की हा क्रमांक आला तरी कुठून?

गोष्ट कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोची. १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्जबरोबर ती प्रत्यक्षात आणली. त्या पहिल्या इथरनेटवर यंत्राचा पत्ता अवघा ८ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त २५६ क्रमांक. ते हाताने ठरवले जायचे. एकाच इमारतीत हे चालून जाई. पण यंत्र उचलून दुसऱ्या नेटवर्कवर नेलं, की तोच क्रमांक तिथे आधीच कुणीतरी घेतलेला असू शकत होता.

आता इथे आपला एक माणूस येतो. योगेन दलाल पवईच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन स्टॅनफर्डला गेले. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासोबत त्यांनी इंटरनेटच्या टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. पुढे ते झेरॉक्समध्ये आले. १९८१ साली त्यांनी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासह एक निबंध मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रमांक जागेचा नको, यंत्राचा हवा. यंत्र कुठल्याही नेटवर्कवर गेलं तरी त्याची ओळख बदलू नये. देश बदलून आलेल्या तुम्हा-आम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यासाठी ४८ बिट घेतले. त्यातून २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ क्रमांक बनतात. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १९८० साली जाहीर केलेल्या इथरनेटच्या मानकात हेच ४८ बिट होते. वाटपाची युक्तीही साधी: पहिले २४ बिट उत्पादकाचे, उरलेले २४ त्याने आपल्या यंत्रांना वाटायचे. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ क्रमांक. कुठल्याही कारखान्याला दुसऱ्याला विचारावं लागत नाही. सुरुवातीला गठ्ठे झेरॉक्स देत असे, नंतर ते काम आय-ट्रिपल-ईकडे गेलं.

क्रमांक ठेवायचा कुठे? सुरुवातीच्या अनेक नेटवर्क कार्डांवर ३२ बाइटची प्रॉम चिप असे. तिच्यातले सूक्ष्म दुवे जाळून माहिती लिहीत, म्हणून आजही इंग्रजीत या पत्त्याला 'बर्न्ड-इन' म्हणतात. पुढे पुन्हा लिहिता येणारी ईईप्रॉम आली. आज मायक्रोचिप कंपनी २५६ बाइटची अशी चिप विकते, जिच्या अर्ध्या भागाला कुलूप असतं आणि त्यात ६ बाइटचा पत्ता आधीच लिहिलेला असतो. छोट्या उत्पादकाला अख्खा गठ्ठा विकत घ्यायची गरज उरत नाही.

पण जी ओळख सुटत नाही, तिचा माग काढता येतो. ऑफिस ९७च्या फाइलींमध्ये लिहिणाऱ्याच्या संगणकाचा हा क्रमांक गुपचूप जात असे, हे १९९९ साली उघड झालं. पुढे फोन खिशात आले आणि वायफाय शोधताना दुकानादुकानांत आपला क्रमांक सांगत फिरू लागले. म्हणून २०१४ साली आयफोन वायफाय शोधताना खोटा क्रमांक सांगू लागला. २०१९ साली अँड्रॉइड १० आणि २०२० साली आयओएस १४ यांनी प्रत्येक नेटवर्कला वेगळा क्रमांक द्यायला सुरुवात केली. तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमधल्या पत्त्याचं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असाच बनवलेला आहे.

मला दोन्ही बाजू पटतात. आपलं नाव सगळीकडे तेच राहावं असं वाटतं, आणि प्रत्येक दारात ते सांगावं लागू नये असंही. फोनवरचा तो पर्याय मी चालूच ठेवला आहे. आणि प्रयोगशाळेतल्या त्या संगणकाचा खरा क्रमांक नव्याने ठळक लिहून ठेवला आहे, मार्करची शाई पुसट होत चालली होती म्हणून.