बुटात लपवलेली रोजनिशी

शिशिर सर्वाधिकारी यांचं ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक ज्या रोजनिशीतून आलं, तिची पहिली वही त्यांनी स्वतःच फाडली होती.

सर्वाधिकारी कलकत्त्याचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेंगॉल अँब्युलन्स कोअरमध्ये भरती होऊन ते मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर गेले. त्यांचं काम जखमींना स्ट्रेचरवरून मागे आणायचं. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉनला तुर्कांशी घनघोर लढाई झाली. बगदाद हाताशी आलं असताना ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि टायग्रिसकाठच्या कूत गावात ती तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली. ही फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. म्हणून ही रोजनिशी आपण परक्याची समजू नये, असं मला मनापासून वाटतं. वेढा १४७ दिवस चालला. धान्य सरत आलं तेव्हा घोडे कापले गेले. ते मांस कितीतरी हिंदी शिपायांनी बरेच दिवस तोंडात घातलं नाही आणि ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

त्या वेळी फौजेबरोबर कैद झालेल्या सर्वाधिकारींनी वही फाडून तिचे तुकडे बुटात कोंबले. बगदादला पोचल्यावर त्या तुकड्यांवरून नवी वही भरली. टायग्रिस ओलांडताना तीही भिजली, पण मजकूर पुरता गेला नाही, कारण लिहायला कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात रंग मिसळलेला असतो. ओल लागली की तो जांभळा होऊन कागदात मुरतो. पुढे कैद्यांची समारापासून आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनपर्यंत वाळवंटातून शेकडो मैलांची पायपीट. वाटेत माणसं पडत गेली. रास अल-ऐनला वही काही दिवस जमिनीत पुरून ठेवावी लागली. अखेर कैदेतच अलेप्पोच्या इस्पितळात काम करताना त्यांनी सगळं पुन्हा नीट लिहून काढलं.

मग हिला अस्सल रोजनिशी म्हणायचं का? मी तरी म्हणेन. लढाईच्या दिवशी टिपलेलं वाक्य कैदेत पुन्हा लिहिताना बदललंही असेल; पण हा मजकूर जपण्यासाठी कैद्याने काय काय केलं, तेही त्याच साक्षीत जमा होतं. शिवाय कैदेत त्यांनी जे पाहिलं ते कूतच्या वेढ्याइतकंच मोलाचं आहे. रास अल-ऐनच्या परिसरात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या होत्या, आणि त्यांतून वाचलेल्यांचं दुःख या बंगाली तरुणाने आस्थेने नोंदवलं. स्वतः गुलामीत असलेल्या देशाचा हा माणूस, त्यात कैदी. तरी त्याचं लक्ष आपल्या हालांपुरतं राहिलं नाही.

पुस्तक छापून यायला १९५०चं दशक सरत आलं. त्यात घरच्या सुनेचा मोठा हात होता. पुढे कित्येक वर्षं ते बंगालबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आता मात्र त्या आघाडीवरच्या हिंदी युद्धकैद्यांबद्दल लिहिणारे अभ्यासक त्याचा आधार घेतात. कूतच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणींची कहाणी समजून घेणाऱ्यानेही ते वाचावं.